नाखवा आणि गावाची नाकं

सखाराम नाखव्यानं मला पहिल्यांदा गाठलं ते मांडवीच्या रस्त्यावर. मी कोण, कुठला, हे विचारायच्या आधीच त्यानं आपले दोन्ही अंगठे माझ्या भुवयांखाली रोवले आणि दाबले. मी कळवळलो.

"दुखतां?" त्यानं विचारलं.

"दुखतंय."

"वाकलात की डोक्यात दगूड सरकतो?"

"सरकतो."

"वरच्या दाढा?"

दाढाही दुखत होत्या. त्यांतली एक काढून घ्यायला म्हणूनच मी घरातून निघालो होतो.

"दाढेचा काय गुन्हा न्हाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊं दे तिला जाग्यावर. तिच्या वरच्या खोलीत पाणी तुंबलांहाय." आणि अंगठे कमरेच्या पंच्याला पुसून तो आपल्या वाटेनं निघून गेला.

माझी साताऱ्याहून रत्नागिरीच्या शाळेत बदली होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. देशावरच्या कोरड्या हवेत वाढलेलं माझं नाक इथं आल्यापासून जे चोंदलं ते मोकळं व्हायचं नाव घेईना. बंदराजवळ आम्ही अर्धं घर भाड्यानं घेतलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला, इंदूला, हा प्रकार सांगतो तोच मागच्या विहिरीवर तोच आवाज ऐकू आला. आमच्या आणि सखाराम नाखव्याच्या अंगणामधला दगडी गडगा एकच होता.

गलबताच्या तांडेलाला इकडे नाखवा म्हणतात. सखारामानं गलबत सोडून बरीच वर्षं झाली होती, पण हाक तीच राहिली. शाळेतल्या पोरांनी तिचं 'नाकवा' केलं होतं. त्याला दोन्ही हाका चालत. साठी उलटलेला, काळाकभिन्न, बोलताना तोंडानं श्वास घेणारा एकटा माणूस. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. जाळी विणून द्यायचा आणि उरलेला सगळा वेळ गावाच्या नाकांकडे लक्ष ठेवायचा.

लक्ष ठेवायचा म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. बाजारात कोणी शिंकलं तर हा थांबायचा आणि दुसरी शिंक येते का पाहायचा. कोणाची सर्दी कुठल्या दिवशी सुरू झाली ते त्याला तोंडपाठ असे. "रामा भंडाऱ्याचा आज अकरावा दिवस," तो मला गडग्यावरून सांगे. "धा दिवसांत उतरली तर सर्दी. धाच्या पुढं गेली की ती वस्तीला आली." शिंपीणबाईला रस्त्यात थांबवून तो तिच्या शेंबड्या लेकाच्या शेंबडाचा रंग विचारी, आणि ती बाईही पदर सावरून गंभीरपणे सांगे. तपकीर ओढणाऱ्यांशी त्याचा अबोला होता. जोरात नाक शिंकरणाऱ्याला मात्र तो हात धरून थांबवायचा. "एकेक नाकपुडी, हलक्या हातानं. जोर केलात तर घाण कानात जाईल. मग कानाचां काय करशाल?"

एकदा मी त्याला विचारलं, "नाखवा, हे नाकाच्या आत खोल्या असतात म्हणता, ते तरी खरं कशावरून?"

त्यानं काठी घेऊन वाळूत एक आकृती काढली. "मास्तर, नाक म्हणजे दोन भोकां न्हाय. नाक म्हणजे खाडीचां तोंड. आत डोह हायत. कपाळात दोन, गालांत दोन, डोळ्यांच्या कडेला बारीक बारीक पुष्कळ. समद्यांचां पाणी एवढ्याशा वाटेनं भाईर येतां. वाटेत गाळ धरला, की आतलां पाणी सडतां. मग वरून कपाळाला लेप लावून काय उपेग? गाळ काढा. पाणी आपसूक वाहील."

पुढे कित्येक वर्षांनी पुण्यात एका डॉक्टर स्नेह्याच्या टेबलावर मी कवटीचं उभं चिरलेलं चित्र पाहिलं आणि पाहतच राहिलो. वाळूतली आकृती तीच होती. अक्षर न गिरवलेल्या या माणसाला हे कळलं कसं, तर खाटकाकडून बोकडांची मुंडकी आणून, मधोमध चिरून, काडी घालून त्यानं एकेक वाट शोधली होती. गाव हसलं होतं. त्यानं मुंडक्यांचा रस्सा करून हसणाऱ्यांनाच वाढला होता.

बंदरावरचे लोक मात्र त्याला हसत नसत. त्यांना त्याचं दुसरं नाक ठाऊक होतं. माघातल्या सकाळी दर्यावर असं धुकं पडे की डोलकाठी दिसू नये. इतर गलबतं नांगर टाकून बसत. सखारामाचं गलबत चालत राही. सुरंगीचा वास आला की आंजर्लं, आंब्याचा मोहोर आणि नारळाच्या सोडणांचा धूर आला की पावस, सुकत घातलेली मासळी आली की नाटं. वासावर गलबत हाकणारा तांडेल, असं त्याचं नाव पार मुंबईच्या धक्क्यापर्यंत होतं. हे ऐकल्यापासून मी त्याच्याकडे जरा बिचकूनच पाहू लागलो.

इंदूला मात्र तो अजिबात आवडत नसे. कारण रोज सकाळी आमच्या न्याहारीच्या वेळेलाच त्याचं नाक धुणं चाले. उकळून निववलेलं पाणी, त्यात मीठ. मीठ किती, तर "डोळ्यातल्या पाण्याएवढां". तो बोट बुडवून चाटून पाही. मग तोटीच्या पितळी झारीनं एका नाकपुडीत धार सोडायची, ती दुसरीतून बाहेर. मान कलती, तोंड उघडं. "कच्चां पाणी नाकात घालायचां न्हाय," हे तो झारी तोंडासमोर असतानाही आम्हाला बजावी. इंदू धाडकन खिडकी लावून घ्यायची. "त्या म्हाताऱ्याला एक दिवस सांगा तरी," ती म्हणायची. मी सांगत नसे. मी गुपचूप तसंच करू लागलो होतो, आणि महिन्याभरात माझं कपाळ हलकं झालं होतं.

मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस आले तेव्हा या झारीवरून एक प्रसंग घडला. किनाऱ्यावर कोण पाणी आटवतंय यावर शिपायांची नजर होती. एका सकाळी शिपाई आला तर सखाराम तीन दगडांच्या चुलीवर पातेलं ठेवून बसलेला. शिपायानं पाण्यात बोट घालून चाटलं. खारट. त्यानं पातेल्या-झारीसकट नाखव्याला चौकीवर नेलं. मी शाळेला निघालो होतो, तसाच मागोमाग गेलो.

"मीठ कशाला आटवत होतास?" फौजदारांनी विचारलं.

"आटवीत न्हवतो. घालीत होतो."

"कशात?"

"नाकात."

फौजदार लाल झाले. ही थट्टा आहे अशी त्यांची समजूत झाली. "दाखव घालून," ते म्हणाले.

सखारामानं पातेल्यातलं पाणी झारीत ओतलं, कोमट आहे ना ते पाहिलं, चौकीच्या पायरीवर वाकला आणि डाव्या नाकपुडीतून धार सोडली. उजवीतून ती अंगणात पडू लागली. चौकीत सगळे उभे राहिले. कैदेतला एक इसम गजांना नाक लावून पाहत होता. झारी रिकामी झाली, नाखव्यानं एकेक नाकपुडी हलकेच शिंकरली आणि मग सरळ फौजदारांजवळ जाऊन त्यांच्या भुवयांखाली अंगठे रोवले.

"सायेब, तुमचां माझ्याहून जास्त तुंबलांहाय," तो म्हणाला.

त्याला सोडून दिलं. आठवड्यानं फौजदारांचा शिपाई झारी केवढी असते ते विचारायला आला.

हे सगळं हसण्यावारी होतं ते इंदूच्या दुखण्यापर्यंत.

त्या वर्षी थंडीत तिला सर्दी झाली. नेहमीसारखीच. सुंठ, वेखंड, ओव्याचा वाफारा, सगळं झालं. कपाळ मात्र उतरेना. वैद्यांनी पित्त सांगितलं आणि लेप दिला. दहाव्या दिवशी सर्दी गेल्यासारखी वाटली आणि बाराव्या दिवशी सकाळी ती उठली तर अंगात ताप आणि उजव्या डोळ्याच्या पापणीवर सूज. काहीतरी चावलं असेल असं आम्हाला वाटलं. दुपारपर्यंत डोळा मिटला.

मी विहिरीवर पाणी काढत असताना नाखव्यानं गडग्यावरून विचारलं, "वहिनीबायचा आवाज न्हाय आज?"

मी सांगितलं. 'डोळा' हा शब्द उच्चारताच त्याच्या हातातलं जाळं खाली पडलं. गडगा ओलांडून तो आमच्या ओटीवर आला. त्याआधी तो कधी आमच्या घरात आला नव्हता. इंदू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बाय," तो दारातूनच म्हणाला, "माझी किळस कर हवी तर. पण एकदा माझ्याकडं बग."

ती वळली. त्यानं हलक्या हातानं सुजलेली पापणी वर केली. मला वाटलं, आता तो कपाळ दाबणार. त्यानं दाबलं नाही. एक बोट तिच्यासमोर धरलं आणि बाजूला नेलं. डावा डोळा बोटामागून गेला. उजवा जागच्या जागी राहिला.

"किती बोटां?"

"दोन," इंदू म्हणाली.

त्यानं बोट खाली केलं.

"मास्तर, गाडी बोलवा. सरकारी दवाखान्यात. आत्ता."

"संध्याकाळपर्यंत वाट पाहिली तर?" मी म्हणालो. "दवाखान्यात गेलं की उगाच कपाळाला सुरी लावायची म्हणजे..."

"सुरी लावू देणार नाही मी," इंदूही म्हणाली.

तो तिच्या अंथरुणापाशी जमिनीवर बसला. "बाय, डोळ्याची भिंत कागदाएवढी पातळ हाय. आतल्या डोहातली घाण ती फोडून डोळ्यामागं शिरलीहाय. हितून ती डोक्यात जाईल. तिथं गेली की झारी न्हाय, वाफ न्हाय, माझां काय न्हाय. गलबत बुडताना माल कोण बघत बसतां? ऊठ."

ती उठली. आजही मला नवल वाटतं, ती माझ्यासाठी उठली नसती.

गाडीपुढे तो चालत होता. दवाखान्यातले मोठे डॉक्टर जेवायला निघाले होते. त्यांनी डोळा पाहिला आणि कोट पुन्हा काढून ठेवला. मला एवढंच विचारलं, "इथं आणायचं कोणाला सुचलं?"

मी सखारामाकडे बोट केलं. कमरेला पंचा नेसलेल्या त्या माणसाकडे डॉक्टर थोडा वेळ पाहत राहिले.

"काय पाहिलंत तुम्ही?" त्यांनी त्याला विचारलं. 'तुम्ही' म्हणाले.

"डोळा वळत न्हाय. एकाची दोन बोटां दिसतात. ताप हाय. सर्दीचा बारावा दिवस," नाखव्यानं सांगितलं. "मान अजून वाकतेय, म्हणजे घाण डोक्यात गेली न्हाय. ती मी गाडीत चढवताना बगितली."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले. क्लोरोफॉर्मचा वास बाहेर येऊ लागला.

आम्ही दोघं पडवीत बसलो. मग तो समोर पाहत म्हणाला, "मास्तर, मला हा वास येत न्हाय."

"कसला?"

"कसलाच. बारका होतो तेव्हापासून. माझां नाक कधी उघडलांच न्हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. सुरंगी, मोहोर, नाट्याची मासळी, सगळं माझ्या डोक्यात गरगरलं.

"तां नाक गणूचां," तो म्हणाला. "माझा धाकटा भाव. गलबताच्या नाळेवर, पार पुढं, बसायचा. म्हणायचा, दादा, आंजर्लां आलां. मी सुकाणू फिरवायचो. लोक म्हणायला लागले सखारामाचां नाक. नाव तांडेलाचां होतां. गणू हसायचा नुसता."

"मग?"

"पावसाळ्याच्या आधीची शेवटची खेप होती. मुंबईसून निघालो तेव्हा त्याला सर्दी. कपाळ दुखतां म्हणाला. मी म्हटलां, दुखूं दे. आंजर्ल्यासमोर आलो. कड्यावरचां देऊळ लख्ख दिसत होतां, आणि हा मला म्हणतो, दादा, वास येत न्हाय. दुसऱ्या दिवशी डोळा सुजला. दाभोळच्या खाडीत शिरता आलां असतां. तिथं डाक्टर होता. पण वारा चांगला होता, आभाळ भरत होतां, मी म्हटलां रत्नांग्रीला पोचल्यावर बगू. एक सर्दी ती काय." तो थांबला. "मग त्याला दोन दोन सुकाणू दिसायला लागली. आम्ही हसलो त्याला."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. गलबत रत्नागिरीला लागलं तेव्हा गणू गेलेला होता, हे मला नंतर कळलं. त्यानंतर सखाराम दर्यावर गेला नाही. बोकडांची मुंडकी, झारी, दहा दिवसांचा हिशेब, सगळं त्यानंतरचं.

डॉक्टरांनी भुवईच्या आतल्या कोपऱ्याशी छेद घेऊन वाटीभर पू काढला. चार दिवस ताप हटेना. चारही दिवस नाखवा पडवीत बसून होता. पाचव्या दिवशी इंदूला एक बोट एकच दिसलं. घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते विहिरीकडची खिडकी उघडण्याचं. झारी तिनंही घेतली. त्यानंतर ती 'तो म्हातारा' कधी म्हणाली नाही. 'नाखवाकाका' म्हणू लागली.

गणूची गोष्ट मी तिला सांगितली होती. एक दिवस ती त्याला म्हणाली, "काका, गणूभावोजींच्या मागे कोण आहे?"

"बायको हाय. नाट्याला. भागिर्थी."

"तिला ठाऊक आहे हे सगळं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. गणू गेल्याचा निरोप गलबतावरून कोणीतरी नेला होता, तो स्वतः गेला नव्हता. एवढ्या वर्षांत एकदाही.

"मग जाऊन या," इंदू म्हणाली. तिच्या भुवईवरचा व्रण तेव्हा अजून लाल होता. मला वाटतं, तो नाही म्हणू शकला नाही तो त्या व्रणाकडे पाहून.

सोबतीला मी गेलो. आगबोटीनं जैतापूरला उतरून तरीनं पलीकडे नाट्याला. सगळी वाट तो कठड्याला धरून उभा होता. भागिर्थीबाईचं घर मासळीच्या खळ्यापलीकडे होतं. ती अंगणात बसून सुकट निवडत होती. पांढरे केस, ताठ पाठ. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण?"

"मी सखाराम."

ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो घेतला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. कपाळ, आंजर्लं, दाभोळची खाडी, चांगला वारा. काही लपवलं नाही. आम्ही हसलो, हेही सांगितलं.

भागिर्थीबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठाऊक हाय. खलाश्यांनी तेव्हाच सांगितलानी."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. मी चार दिवस वाईट वाईट बोलले तुम्हाला. मग म्हटलां, येतील तेव्हा समोर बोलू. तुमी आलातच न्हाय." तिनं सुपातली सुकट बाजूला केली. "ते गेले तां दर्याचां दुखणां. ह्या घराला एक दीर होता, तो पण गेला. तां मात्र तुमी केलात, भावोजी."

त्याचे हात लोंबत होते. माणसांच्या कपाळांवर इतक्या खात्रीनं पडणारे ते अंगठे कुठं ठेवावेत हे त्याला कळत नसावं.

"पाय धुवा," ती म्हणाली. "भात झालाहाय."

आम्ही पडवीत जेवायला बसलो. दोन घास झाले असतील. वाढता वाढता ती थांबली आणि त्याच्याकडे निरखून पाहू लागली. तो नेहमीसारखा तोंडानं श्वास घेत होता.

"भावोजी," तिनं विचारलं, "नाक कसां हाय तुमचां? ते म्हणायचे, दादाला रातचा नीट श्वास मिळत न्हाय."

इतक्या दिवसांत मी कोणालाही त्याला हे विचारताना ऐकलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"बंदच हाय," तो म्हणाला.

तिनं आतून कुळथाचं कढण आणलं, मिरं घालून, वाफा निघत असलेलं, आणि त्याच्या पानाशी ठेवलं. "गरम हाय तोवर प्या."

त्यानं वाटी दोन्ही हातांत धरली आणि तिच्यावर तोंड वाकवलं. बराच वेळ तो तसाच होता. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पुसायलाही हात मोकळा नाही. मी माझ्या पानाकडे पाहत भात कालवत राहिलो. भागिर्थीबाई समोरच बसून होती. वाटी रिकामी झाली तशी तिनं न विचारता ती पुन्हा भरली.